निधनवार्तेची दुरुस्ती

गोकुळ वायाळ माझ्या नजरेत भरला तो एका बंद पडलेल्या कार्यक्रमामुळे. साल सत्त्याऐंशी असावं. बीबीच्या ग्रामपंचायतीत तेव्हा लाकडी शटरचा काळा-पांढरा टीव्ही होता आणि रविवारी अर्धं गाव त्याच्यासमोर बसायचं. मी शाळेतला मास्तर, म्हणून पोरांवर लक्ष ठेवायचं काम आपोआप माझ्याकडे आलेलं. एकदा ऐन रंगात चित्र गेलं आणि पडद्यावर पाटी आली, ‘रुकावट के लिए खेद है’. पाटी आली की माणसं बिडी ओढायला बाहेर जायची, पोरं अंगणात पळायची. त्या दिवशीही सगळे उठले. एक पोरगं तेवढं गुडघे छातीशी घेऊन तसंच बसून राहिलं. सहावीतलं होतं. मान जराही हलत नव्हती.

“काय पाहतोस रे?” मी विचारलं.

“पाटी.”

“पाटीत काय पाहायचं?”

“गुरुजी, हे पाटी त्यायनं काऊन लावली असंन? मांगं काहीतरी झालं असंन ना. आपल्याले दिसू नये म्हणून लावली.”

“मागे काय होणार? मशीन बिघडलं असेल.”

“असंन,” तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, “पन पाटी काढली अन् तिथं दुसराच कोनी बसेल दिसला तं?”

हे बोलताना त्याच्या हातावर काटा आलेला मला दिसला, आणि तो हसतही होता. मी त्याचं नाव लक्षात ठेवलं.

पुढे त्याच्या घरचं कळत गेलं. तो चार वर्षांचा असताना आई गेली. त्याला वाढवलं ते जनकाबाईनं, अकरा वर्षांनी मोठ्या बहिणीनं. तिचं लग्न साखरखेर्ड्याला झालं तेव्हा हा सात वर्षांचा होता. रडून रडून त्याला ताप भरला, तेव्हा ती त्याला सासरीच घेऊन गेली. दोन वर्षं तो तिच्याकडे राहिला. झोपताना ती त्याला भुताच्या गोष्टी सांगायची. गोष्ट फारच भयंकर व्हायला लागली की पोरगं तिला बिलगायचं, आणि मग ती त्या भुताला भूक लावायची. मुंज्या असो, हडळ असो, शेवटी ते दाराशी येऊन भाकर मागायचं आणि सोबत चटणी नाही म्हणून रुसून बसायचं. हे मला गोकुळनंच सांगितलं, पण खूप नंतर.

दहावीनंतर तो मेहकरला एका दुकानात टीव्ही-रेडिओची दुरुस्ती शिकला आणि बीबीत रस्त्याला लागून दुकान काढलं. मागे घर, पुढे दुकान. हात चांगला होता. गिऱ्हाइकाला समोर बसवून तो बिघाड समजावून सांगायचा, आजाऱ्याच्या नातेवाइकांना सांगावं तसा. पुढे टीव्ही पातळ झाले. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, बिघडलं की आख्खा पडदाच बदलायचा. गोकुळकडे डिश बसवण्याची, कॅमेरे लावण्याची कामं राहिली. लोक जुने टीव्ही त्याच्याकडे भंगार म्हणून टाकून जायचे आणि तो ते फळीवर ओळीनं मांडायचा. त्याची बायको गीताबाई म्हणायची, “माणसाच्या घरात देव राहतेत, आमच्या घरात डबडे राहतेत.”

आता नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं.

जनकाबाईचे मालक निवृत्तीराव वैशाखात एका सकाळी अचानक गेले. त्या दिवशी गोकुळ सुलतानपूरला एका लग्नघराच्या छतावर डिश बसवत होता. फोन दुकानात चार्जिंगला लावून विसरलेला. आमच्याकडे नवरा गेला की बाईच्या अंगावर माहेरचं लुगडं पडावं लागतं, आणि ते भावानं आणायचं असतं. साखरखेर्ड्याच्या लोकांनी तीन तास वाट पाहिली. ऊन चढत गेलं. शेवटी शेजारच्या एका म्हातारीनं पेटीतलं आपलं कोरं लुगडं काढून दिलं. गोकुळ मेहकरहून लुगडं घेऊन पोचला तेव्हा लोक स्मशानातून परतून अंघोळी करत होते.

जनकाबाई ओट्यावर बसली होती. सगळ्यांसमोर म्हणाली, “माह्या घरच्या मातीले तुले वेळ नाही भेटला. तुह्या मातीले मले भेटणार नाही. आता या दारात पाय ठेवू नको.”

ते लुगडं तसंच परत आलं. गोकुळनं ते एका टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात घालून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. दर भाऊबीजेला तो साखरखेर्ड्याला जायचा. जनकाबाईची नात छकुली दारात येऊन सांगायची, “आजी घरात नाही.” आतून आजीचा खोकला ऐकू यायचा. तो पायरीवर थोडा वेळ बसायचा आणि परत यायचा. नऊ भाऊबीजा अशा गेल्या.

टाळेबंदीत दुकान बंद होतं, तेव्हा त्यानं पहिला सिनेमा केला. सिनेमा म्हणजे सात-आठ मिनिटांचा, मोबाइलवर काढलेला. त्याच्या चॅनेलचं नाव ‘बीबी केंद्र’. सगळे सिनेमे सारखेच सुरू होतात. जुन्या टीव्हीवर जशी संध्याकाळ सुरू व्हायची तसं, आधी घड्याळ, मग निवेदन, मग बातम्या, मध्येच ‘व्यत्यय’ची पाटी. पाटी गेली की मागे भूत.

त्याची पद्धत त्याची स्वतःचीच आहे. मोबाइलवर काढलेलं चित्र तो तारेनं जुन्या व्हीसीआरमध्ये आणि तिथून फळीवरच्या एका काळ्या-पांढऱ्या टीव्हीत पाठवतो. टीव्हीची मागची कळ थोडी फिरवली की चित्र वरून खाली सरकायला लागतं, मुंग्या येतात, आवाज घोगरा होतो. मग टीव्ही आणि स्वतः, दोघांवर चादर पांघरून, काचेवर उजेड पडू न देता, तो तो पडदा पुन्हा मोबाइलनं टिपतो. मी म्हटलं, “अरे, हे असं दिसणं आता फोनमध्येच करता येतं म्हणतात.” तो म्हणाला, “येते ना. पन ते खोटं वाटते, गुरुजी.” भुताच्या सिनेमात खरं-खोटं इतकं जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बातम्या वाचायला शरयूताई. पोस्टातून निवृत्त झालेल्या, नेटक्या, उच्चार स्वच्छ. काठाची साडी, खांद्यावर पिनेनं लावलेला पदर, हातात कागद. सुरकुती हलू न देता त्या वाचतात, “उद्या लोणार परिसरात आकाश निरभ्र राहील. सायंकाळनंतर चिंचेच्या झाडांखाली तुरळक ठिकाणी मुंजे संभवतात.” हरवलेल्या माणसांचं निवेदनही त्याच आवाजात, “अंगात पांढरा सदरा, रंग सावळा, पाय उलटे.” शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात एकाचं पत्र होतं, बांधावरच्या बोरीत तीन हडळी झाल्या आहेत, फवारणी कोणती करावी. तज्ज्ञ म्हणून आमच्याच गावचा चहावाला पंजाबराव बसला होता. त्यानं गंभीरपणे औषधाचं प्रमाण सांगितलं. ते पाहताना मला हसताना ठसका लागला होता.

शरयूताईंची एकच अट होती, वाचायचा मजकूर शुद्ध हवा. म्हणून गोकुळ तो माझ्याकडे तपासायला आणायचा. मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्यानं असाच एक कागद आणला. सिनेमा टीव्ही मेकॅनिकच्या भुताचा. मेकॅनिक अँटेनाच्या खांबावरून पडून मरतो, पण त्याचं भूत छतांवर फिरून विचारत राहतं, “आलं काय? आता आलं काय?” शेवटी ते परगावी बहिणीच्या दाराशी जातं आणि भाकर मागतं. मेकॅनिक गोकुळ स्वतः, नावही स्वतःचंच.

मी कागदावरून मान वर केली. तो स्क्रू ड्रायव्हरनं नखं साफ करत होता.

“अक्का मातीले येणार नाही म्हणली,” तो म्हणाला. “मंग भुतालेच जा लागंन ना तिच्याकडं.” आणि मग, “हे अक्का पाहीन काय, गुरुजी?”

जनकाबाईकडे साधा फोन होता, आणि त्याचे सिनेमे तिला दाखवायची घरात कोणाची छाती नव्हती. मी कागद तपासला. गोकुळनं लिहिलं होतं, ‘टीव्ही मेकॅनिक गोकुळ वायाळ आज वर गेले.’ मी ते खोडून लिहिलं, ‘बीबी येथील दूरचित्रवाणी तंत्रज्ञ श्री. गोकुळ वायाळ यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले. अंत्यविधी उद्या सकाळी अकरा वाजता बीबी येथे होईल.’ अंत्यविधीची वेळ माझी. त्याच्या कागदात ती नव्हती. बातमी पूर्ण वाटावी म्हणून मी ती घातली. पस्तीस वर्षं मुलांचे निबंध पूर्ण करून घेतल्याची सवय.

सिनेमा एका संध्याकाळी चॅनेलवर आला. पंजाबरावला तो इतका आवडला की त्यानं त्यातला तुकडा आपल्या स्टेटसला लावला. स्टेटसवर जेवढं मावलं तेवढं लागलं. गोकुळचा हार घातलेला फोटो, शरयूताईंचा आवाज, अंत्यविधीची वेळ आणि ‘व्यत्यय’ची पाटी. भूत पुढे होतं, ते कापलं गेलं. पंजाबरावची मावसबहीण साखरखेर्ड्याला दिलेली. तिनं तो तुकडा पुढे पाठवला, आणि जेवणवेळेपर्यंत साखरखेर्डा हळहळला. कोणीतरी तो जनकाबाईलाही दाखवला.

कोणी एक फोन का केला नाही, असं बाहेरचा माणूस विचारील. पण मौतीच्या घरी फोन करून ‘खरं काय?’ असं आमच्याकडे विचारत नाहीत. ऐकलं की निघायचं असतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी पंजाबरावच्या टपरीवर चहा घेत होतो. समोर गोकुळचं दुकान. शटर अर्धं वर, आत तो चादरीखाली वाकून नव्या सिनेमाचा पडदा टिपत होता. एवढ्यात एक पिकअप गाडी आली. मागे चौदा-पंधरा माणसं, त्यात बाया. गाडी बसस्टँडपासूनच रडत येत होती. आमच्याकडे वेशीपासून रडत येण्याची रीत आहे. गाडी थांबली आणि बाया उतरल्या.

गीताबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. रडणाऱ्या बाया दारात आल्या की आधी गळ्यात पडून रडायचं आणि मग कोण गेलं ते विचारायचं, ही आणखी एक रीत. गीताबाई रीतसर गळ्यात पडली आणि मोठ्यानं रडली. चांगली रडली. मग हळूच कानात विचारलं, “कोन गेलं वो?”

ती बाई मागे सरली आणि गीताबाईच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहत राहिली.

जनकाबाई तिच्याकडे गेलीच नाही. साठी उलटलेली, कमरेत वाकलेली, काखेत घडी केलेलं कोरं पांढरं कापड, भावाच्या अंगावर टाकायला आणलेलं. तिला अर्ध्या शटरखालून चादरीखाली झाकलेला आकार दिसला. ती वाकून आत गेली आणि त्या आकाराच्या अंगावर पडली. “गोकुळा! माह्या लेकरा रे!”

चादरीतून आवाज आला, “कोन आहे बे? रेकॉर्डिंग चालू आहे!”

बाया किंचाळल्या. गाडीचा ड्रायव्हर पुन्हा गाडीत जाऊन बसला. चादर बाजूला झाली आणि आतून केस विस्कटलेला, घामेजलेला गोकुळ बाहेर आला. बहिणीला पाहून तो जागच्या जागी थांबला.

“अक्का,” तो म्हणाला. “तू आली?”

जनकाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कान चाचपला, आणि मग त्याच हातानं फाडकन एक ठेवून दिली. दुसरी दिली. तिसरीला तिची चप्पल हातात आली होती, पण गीताबाई मध्ये पडली.

“मेला नाही काय तू?”

“नाही ना अक्का.”

“टीव्हीवरच्या बाईनं सांगतलं!”

मग पंजाबराव ओगराळं हातात घेऊन पुढे आला आणि स्टेटसचं सगळं सांगितलं. “तेवढंच मावलं, अक्का. भूत मांगं राह्यलं.” आलेल्या मंडळींना हसावं की रडावं कळेना. एका म्हाताऱ्यानं हातातल्या घड्याळाकडे पाहून अगदी खरेपणानं विचारलं, “मंग अकराचं कॅन्सल काय?”

जनकाबाई दुकानासमोरच्या बाकावर बसली. गीताबाईनं तांब्या आणला.

“पानी नाही पेत. मातीचं घर आहे.”

“पन मी जिता आहे ना,” गोकुळ म्हणाला.

“साऱ्या साखरखेर्ड्यानं मेला म्हणून आयकलं. मी कोनाकोनाले सांगत फिरू? जेच्यात मेला तेच्यातच जिता हो. मंग पेतो पानी.”

ती उठेना. तेव्हा शरयूताईंना बोलावणं धाडलं. त्या आल्या, झाला प्रकार ऐकून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी जनकाबाईची माफी मागितली आणि घरी जाऊन साडी बदलून आल्या. काल नेसलेल्या साडीत आजच्या बातम्या वाचत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी बाकावरच बसून मजकूर लिहिला. अपराध माझाही होता. दुकानात टेबल लागलं. चौदा माणसं आणि गाडीचा ड्रायव्हर भिंतीला टेकून श्वास धरून उभे राहिले.

शरयूताईंनी एकदा नुसतं वाचून दाखवलं. “कालच्या बातमीत दुरुस्ती आहे. बीबी येथील दूरचित्रवाणी तंत्रज्ञ श्री. गोकुळ वायाळ हे हयात आहेत. व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

“कोन म्हणते हयात आहे?” जनकाबाईनं बाकावरून विचारलं.

“आम्हीच म्हणतो,” शरयूताई म्हणाल्या.

“तुमी तं कालही म्हणत होत्या, मेला म्हणून. तुमचं कोन खरं मानंन?” ती माझ्याकडे वळली. “गुरुजी, लिहा. त्याची बहीन म्हणते.”

मी पेन उघडलं आणि खाली एक ओळ वाढवली, ‘ही माहिती त्यांच्या थोरल्या भगिनी श्रीमती जनकाबाई यांनी स्वतः पाहून दिली आहे.’

शरयूताईंनी ते वाचलं, नेहमीसारखं, न हसता. मग गोकुळ ते चित्र टीव्हीवर घेऊन चादरीखाली गेला. अर्ध्या मिनिटाचं काम, पण बाहेर यायला त्याला बराच वेळ लागला. चित्र सरकून राह्यलं होतं, ते जुळवत होतो, असं तो म्हणाला. डोळे लाल होते.

पंजाबरावनं दुरुस्ती स्टेटसला लावली, आणि या वेळी शेवटपर्यंत मावली की नाही हे तीनदा तपासलं. दहा मिनिटांत साखरखेर्ड्याहून छकुलीचा फोन आला. ती इतक्या मोठ्यानं ओरडत होती की बाकावरच्या सगळ्यांना ऐकू आलं, “आजी, मामाआजोबा जिते झाले!”

जनकाबाईनं तांब्या उचलला आणि वरून, न थांबता, रिकामा केला.

मग तिनं आख्खा सिनेमा पाहायला मागितला. “मेला कसा ते तं पाहू द्या.” गोकुळनं मोबाइल तिच्या हातात दिला नाही. आत नेऊन जुन्या टीव्हीवर लावला. ती स्टुलावर बसली, तो खाली जमिनीवर, गुडघे छातीशी घेऊन. भूत छतावर आलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. भूत बहिणीच्या दाराशी जाऊन भाकर मागायला लागलं तेव्हा पदर खाली आला.

“हे तं माही गोष्ट आहे.”

“हाव.”

“चटनी नाही म्हणून रुसते तेही?”

“तेही. सारे भूत तुहेच आहेत, अक्का.”

“मंग सांगतलं काऊन नाही मले?”

“सांगाले दार उघडावं लागते ना.”

टीव्हीत चित्र संपून मुंग्या आल्या होत्या, त्यांच्याकडे जनकाबाई पाहत राहिली. मग म्हणाली, “भुताचे दात पांढरेशुभ्र आहेत. मेलेल्याचे असे असतेत काय?”

निघायच्या वेळी गोकुळनं स्टूल लावून वरच्या फळीवरचं खोकं काढलं. धूळ झटकली. आतलं लुगडं दोन्ही हातांनी पुढे धरलं. जनकाबाईनं घडीचा काठ चिमटीत धरून पाहिला.

“नऊ वर्षं डब्यात ठेवलं. कसर लागली असंन,” ती म्हणाली, आणि लुगडं काखेत मारून गाडीत बसली. पांढरं कापड ती दुकानातच सोडून गेली. मेलेल्यासाठी नेलेलं कापड घरी परत नेत नाहीत. गोकुळनं ते काळं रंगवून घेतलं. पांढऱ्यातून उजेड येतो. आता चादरीऐवजी तो तेच पांघरून पडदे टिपतो.

यंदाच्या भाऊबीजेला त्याच्यासाठी दार उघडलं का, असं मला लोक विचारतात. उघडलं. पण तो काही भाऊबीजेची वाट पाहत बसला नव्हता. साखरखेर्ड्याहून चारच दिवसांत निरोप आला होता, घरचा टीव्ही बरोबर दिसत नाही, येऊन पाहून जा. त्यानं जाऊन पाहिला, टीव्हीला काही झालेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा बिघडला.

गोकुळ आता पन्नाशीला आला आहे. बीबी केंद्र सुरू आहे, मजकूर अजून माझ्याकडे तपासायला येतो, आणि आता त्यात निधनाच्या बातमीत गावाचं नाव आणि वेळ मी घालत नाही. त्याचं दुकान सोमवारी बंद असतं. त्या दिवशी तो साखरखेर्ड्याला जेवायला असतो.